छोट्या शहरातले बिल्डर काळाप्रमाणे खरंच बदलतात का?

तुम्ही विचारलंय की मंदी, नवे कायदे, बाहेरगावी गेलेली मुलं असं सगळं बदलत असताना छोट्या शहरातला बिल्डर खरंच बदलतो, की नुसती जाहिरात बदलतो? मी सांगलीत जागांच्या खरेदी-विक्रीचं आणि कागदपत्रांचं काम करतो. माझ्या मते बदलतो, पण गिऱ्हाईक अडून बसल्याशिवाय नाही.

आमच्याकडे सगळ्यात मोठा बदल महापुराने घडवला. २००५ च्या पुरानंतरही सखल भागात बांधकामं होतच राहिली. मग ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली (तिथली धोक्याची पातळी ४५), आणि लोक सावरतात न सावरतात तोच जुलै २०२१ मध्ये पाणी परत ५५ फुटांच्या आसपास. तेव्हापासून फ्लॅट बघायला आलेला माणूस किचनचा ओटा बघायच्या आधी विचारतो, "एकोणीसला पाणी कुठवर होतं?" मागणी विश्रामबाग आणि मिरजेच्या बाजूला सरकली. शामरावनगरकडे मी एक नवी इमारत दाखवतो, तिथे तळमजल्यावर फक्त पार्किंग आहे. विजेचे मीटर जिन्याच्या पहिल्या वळणावर चढवलेत, इन्व्हर्टरला जागा त्याच्याही वर. पूर्वी हेच मीटर गेटशेजारच्या खोलीत, जमिनीपासून हातभर उंचीवर असायचे, आणि पुरात आधी तेच जायचे. हा बदल कुठल्या नियमाने आला नाही. पहिल्या दोन-तीन गिऱ्हाइकांनी मीटर बघून पाठ फिरवली, तेव्हा आला.

दुसरा बदल घराघरातला आहे. विश्रामबागेतले जुने बंगले घ्या. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळूरला, वर आई-वडील दोघंच. जिना चढवत नाही, अंगण झाडवत नाही. मग बंगला विकसनाला देतात आणि त्याच जागेवर लिफ्टच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट घेतात. पूर्वी तीन मजल्यांना लिफ्ट म्हणजे चैन वाटायची, आता लिफ्ट नसेल तर साठीच्या पुढचं गिऱ्हाईक गाडीतून उतरतही नाही. यात मला मनापासून आवडलेली गोष्ट बहिणींच्या सह्यांची. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीला १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून वाटा होता. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने तो मुलाइतकाच झाला, लग्न झालेलं असो वा नसो. तरी "तिचं लग्न झालंय, तिचा काय संबंध" असं म्हणून व्यवहार रेटले जायचे. आता बँकेचा वकील सर्च रिपोर्टमध्ये (जागेची मालकी आणि जुने व्यवहार तपासलेला अहवाल) अडवतो, म्हणून बिल्डरच पहिल्या बैठकीत विचारतो, बहिणी किती? हक्कसोडपत्र नोंदवलंय का?

रेरा, म्हणजे बिल्डरवर नियंत्रण ठेवणारा कायदा, याबद्दल मात्र छोट्या शहरातल्या माणसाने जरा थांबून समजून घ्यावं. महाराष्ट्रात मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे या कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण, काम करतंय. नोंदणीकृत प्रकल्पात गिऱ्हाइकाच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते त्याच जागेवर आणि बांधकामावर खर्चायचे असतात. एका साइटच्या बुकिंगचे पैसे दुसऱ्या साइटच्या पायाभरणीत घालायची पद्धत त्यामुळे बरीच आवळली. पण जागा ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर नोंदणीची सक्तीच नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे! बंगल्याचे कितीतरी प्लॉट याच्या आतले. म्हणजे पुण्याच्या मोठ्या स्कीममध्ये जे संरक्षण आपोआप मिळतं, ते आपल्या गल्लीतल्या आठ फ्लॅटच्या इमारतीत मिळेलच असं नाही. मला हे फार खटकतं, कारण अशा इमारतीत पैसे घालणारे बहुधा निवृत्तीची पुंजी घालतात.

जीएसटीचा परिणाम थोडक्यात सांगतो. एप्रिल २०१९ पासून चालू बांधकामातल्या घराला ५ टक्के, आणि सांगलीसारख्या शहरात ४५ लाखांपर्यंतच्या, ९० चौरस मीटर कार्पेटच्या (भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेच्या) आतल्या घराला १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या घराला काहीच नाही. त्यामुळे बरेच जण रेडी पझेशनसाठी थांबतात, आणि बुकिंगच्या पैशावर बांधणाऱ्याची अडचण होते. मग तो जागा विकत न घेता मालकाशी भागीदारीत विकसन करार करतो, नाहीतर एकेक विंग उठवतो.

तुम्ही सांगलीत घर बघत असाल तर शनिवारी-रविवारी सजवलेला सँपल फ्लॅट बघून येऊ नका. भर पावसात एकदा जा, शेजारच्या जुन्या घरात २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर होतं ते विचारा आणि मीटर कुठे बसवलेत ते स्वतः बघा. महारेराचा नंबर नसेल तर का नाही ते विचारा. जागा किंवा फ्लॅट मर्यादेच्या आत आहेत असं उत्तर आलं, तर टोकन द्यायच्या आधी आपल्या वकिलाकडून सर्च करून घ्या आणि मंजूर नकाशाची प्रत हातात घ्या. बिल्डरने सुचवलेला वकील नको.