दाद कुणाकडे मागायची?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझी मेल परवा रात्री वाचली. उत्तर मुद्दाम एक दिवस थांबून लिहितेय, कारण तू विचारलंयस ते घाईघाईत उरकण्यासारखं नाही. सफाई कामगारांच्या हजेरीसाठी चेहरा ओळखणारं अ‍ॅप तुमची टीम बनवतेय, चाचणीत ते ९८ टक्के बरोबर येतंय, पुढच्या महिन्यात सगळ्या हजेरीच्या चौक्यांवर जायचंय. ९८ टक्के पुरेत का, आणि मानवी हक्क, नैतिकता हे सगळं बघणं आपलं काम की कायदा विभागाचं, असं तुला विचारायचंय.

आधी हिशेब करू. समज, चार हजार कामगार आहेत. येताना एकदा, सुटताना एकदा, म्हणजे दिवसाला ८,००० वेळा चेहरा दाखवायचा. दोन टक्के चुका म्हणजे रोज १६०. आकडा मोठा आहेच, पण खरी गोम पुढे आहे. या १६० चुका रोज नव्या माणसांच्या वाट्याला येत नाहीत. जिचा नोंदणीचा फोटो चार वर्षांपूर्वीचा आहे, जिचा चेहरा उन्हाने रापलाय, जिच्या चौकीत पहाटे एकच ट्यूबलाइट मिणमिणते आणि जिच्या मुकादमाचा फोन सगळ्यात स्वस्तातला आहे, तिला मशीन आज ओळखणार नाही, उद्या नाही आणि परवाही नाही. तुमच्या अहवालात ती दोन टक्क्यांतली एक असेल. तिच्या घरी मात्र महिनाअखेर खाडे कापून पगार येईल.

हे मी मनाचं सांगत नाही. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघी संशोधकांनी, चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के निघालं. गडद वर्णाच्या बायकांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. नुसती सरासरी बघणाऱ्याला हे दिसलंच नसतं. त्यांनी माणसांचे गट पाडून मोजलं म्हणून दिसलं. तुम्ही तुमचे ९८ कुणावर मोजलेत? एकाच चौकीवर, दुपारच्या लख्ख उजेडात?

आता थ्रेशोल्डचं बोलू. मराठीत उंबरठा, आणि शब्द अगदी चपखल आहे. जुळणीचा गुण अमुक आकड्याच्या वर गेला की माणूस आत, नाहीतर बाहेर. उंबरठा उंच ठेवला तर एकाची हजेरी दुसऱ्याने लावायचे प्रकार थांबतात, पण खरी माणसंही बाहेर राहतात. खाली घेतला की उलटं होतं. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत. ठेकेदाराला बनावट हजेरीची भीती, म्हणून तो ‘कडक ठेवा’ म्हणणार, आणि तो कडकपणा सोसणार झाडू मारणारी बाई. अ‍ॅपची सेटिंग्ज ठरवणाऱ्या कॉन्फिग फाइलमध्ये या उंबरठ्याचा आकडा ०.६ च्या जागी ०.७ लिहिताना नुकसान कुणाच्या पदरात टाकायचं ते तू ठरवत असतेस. कायदा विभागातलं कुणी ती फाइल उघडत नाही. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या फाइलमध्ये आहे.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींबरोबर मी चेंबूरच्या एका रेशन दुकानात गेले होते. दुकानदाराने मशीन पुढे केलं. मावशींनी अंगठा ठेवला. नाही लागला. पदराला पुसून परत ठेवला. नाही. मग तर्जनी, मधलं बोट, मग डावा हात. दुकानदार माणूस वाईट नव्हता. त्याने स्वतःच्या रुमालाने काच पुसली, मावशींचं बोट धरून दाबून बघितलं. मागे रांग चुळबुळायला लागली. तीस वर्षं आधी राखेने आणि मग भांड्यांच्या पावडरीने घासून घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्यात. हात हातात घेतला की कळतं. शेवटी तो म्हणाला, “मावशी, थम लागत नाही. उद्या सकाळी या, बघू.” मावशींनी रिकाम्या पिशवीची घडी करून ती काखेत मारली आणि रांगेकडे वळून म्हणाल्या, “माफ करा हां, माझ्यामुळे खोळंबा झाला.”

ओळखायला मशीन चुकलं होतं आणि माफी मावशी मागत होत्या. ते मी विसरू शकलेले नाही. तेव्हापासून कुठलीही प्रणाली समोर आली की मी आधी हे शोधते, की ती चुकली तर माणसाने दाद कुणाकडे मागायची. दाद मागायला समोर असा कुणीतरी लागतो ज्याला कारण सांगता येतं आणि निर्णय फिरवता येतो. मावशींसमोर माणूस होता, पण निर्णय त्याच्या हातात नव्हता.

माझ्या हातून घडलेलंही तुला सांगायला हवं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वित्तसंस्थेसाठी मी कर्जाच्या अर्जांना गुण देणारं संगणकाचं मॉडेल केलं. धर्म, जात असा एकही कॉलम मी घेतला नव्हता आणि त्याचं मला समाधान होतं. पिनकोड तेवढा ठेवला, कारण त्याने अचूकता वाढत होती. मुंबईत पिनकोडवरून वस्ती कळते आणि वस्तीवरून धर्म, जात, हे इथेच जन्मलेल्या मला समजायला हवं होतं. गोवंडीत कोण राहतं, देवनारच्या डंपिंगला लागून त्या वस्त्या का आहेत, हे का मला माहीत नव्हतं? एक दिवस गोवंडीच्या बैंगनवाडीतला जरीकाम करणारा एक कारागीर ऑफिसात आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत सहा वर्षांच्या हप्त्यांच्या पावत्या, तारखेवार लावलेल्या. एकही हप्ता चुकलेला नव्हता. शाखेतल्या माणसाने ‘सिस्टीमने नाकारलंय’ म्हणून त्याला माझ्याकडे पाठवलं होतं. तो म्हणाला, “मॅडम, माझं कुठे चुकलं तेवढं सांगा, मी सुधारतो.” माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. पिनकोड मी त्याच आठवड्यात काढला. पण मॉडेल चालू होऊन वर्ष उलटलं होतं, आणि त्या वर्षात किती जण नुसतेच परत गेले याची नोंद कुणी ठेवली नव्हती. मीही नाही.

पुढे २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात अमेरिकेतल्या रुग्णांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका अल्गोरिदमचा, म्हणजे निर्णय काढणाऱ्या संगणकी हिशेबाचा, अभ्यास आला, तो वाचताना तो कारागीरच डोळ्यांसमोर होता. कुणाला जादा देखभाल द्यायची हे ठरवताना त्या अल्गोरिदमने आजाराऐवजी उपचारांवरचा खर्च धरला होता. कृष्णवर्णीयांवर खर्च मुळातच कमी होत आलेला, म्हणून जास्त आजारी असूनही ते मागे पडत. हा दोष काढला तर जादा मदत मिळणाऱ्यांत त्यांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं संशोधकांनी काढलं. वंशाचा कॉलम त्यातही नव्हता. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्यातली अफरातफर अल्गोरिदमच्या मदतीने शोधायच्या नावाखाली हजारो आईबापांवर लबाडीचा शिक्का बसला. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला त्यापायी राजीनामा द्यावा लागला. तिथेही लोक वर्षानुवर्षं विचारत होते, आमचं चुकलं काय.

संमतीबद्दल तू एकच ओळ लिहिलीस: ‘फॉर्मवर सह्या घेतल्यात.’ इथे जरा थांब. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. पाठोपाठ भायखळ्याच्या तुरुंगात, तयार झालेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. लस उपयोगी ठरली, पुष्कळांचे जीव वाचले. तरी ‘तयार झालेले कैदी’ या तीन शब्दांपाशी मी दर वेळी अडते. दारात प्लेग आणि दाराला कुलूप, अशा माणसाच्या ‘हो’ला किती वजन द्यायचं? माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वेच्छेने दिलेली संमती हवीच, हे नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून आलेल्या न्यूरेंबर्ग संहितेत लिहिलं जायला १९४७ उजाडलं.

तुमच्याकडे मुकादमाने सगळ्यांना रांगेत उभं करून ‘इथे सही कर, फोटो काढायचाय’ म्हटलं असणार. कंत्राटी माणूस नाही म्हणेल? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे संमती मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी, माहिती घेऊन आणि बिनशर्त दिलेली हवी. पण त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीविना डेटा वापरायची वाट ठेवली आहे. मशीनने असा निर्णय का दिला, हे विचारायचा वेगळा हक्कही त्यात नाही. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या डेटा कायद्यात, निव्वळ यंत्राने घेतलेल्या निर्णयाला हरकत घेऊन तो माणसाकडून तपासून घेता येतो. तेव्हा तुमचा कायदा विभाग ‘आपण नियमात बसतो’ असं सांगेल आणि ते खरंही असेल. त्यांचं काम तिथे संपतं, तुझं संपत नाही. फोटो किती दिवस ठेवणार, आणखी कुणाला देणार, नको असेल तर काय, हे मराठीत आणि हिंदीत कामगारांना वाचून दाखवा. आणि ‘नको’ म्हणणाऱ्यासाठी जुना मस्टर, म्हणजे सहीची हजेरीवही, चालू ठेवा. तो नसेल तर सह्यांना अर्थ नाही.

उद्याच करता येईल असं एक काम सांगते. तू पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये चेहरा जुळला नाही की लाल अक्षरांत ‘गैरहजर’ येतं. तो शब्द बदल. बाई तर समोर उभी आहे, झाडू हातात घेऊन. ‘ओळख पटली नाही’ असं लिही. ‘गैरहजर’ हा तिच्यावर आरोप आहे आणि तो थेट पगाराच्या शीटमध्ये जाऊन बसतो. ‘ओळख पटली नाही’ ही अ‍ॅपने दिलेली कबुली आहे. तिच्याखाली एक बटण देता येतं, मुकादमाने मस्टरवर सही घेऊन हजेरी लावण्याचं. मॅनेजर म्हणेल, एका शब्दाने काय होतं. त्याला हंसा मेहतांचं सांग. आपल्या एसएनडीटी विद्यापीठाच्या त्या कुलगुरू होत्या, संविधान सभेतही होत्या. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्याचा मसुदा होत असताना पहिल्याच कलमात ‘ऑल मेन’ असे शब्द होते. त्यांनी हट्ट धरून तिथे ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ करून घेतलं. ‘मेन’ म्हणजे फक्त पुरुष, असा अर्थ काढून उद्या कुणी बायकांना बाहेर ठेवेल, हे त्यांना दिसत होतं.

नोकरीची धास्ती तू लिहिली आहेस आणि ती खोटी नाही. नवीन आहेस, घराचा हप्ता तुझ्या पगारावर आहे. राजीनामा दे, असं मी सांगणार नाही. आधी लेखी विचार. तोंडी बोललेलं कॅन्टीनमध्येच विरून जातं. एका पानावर आकडे मांड: बाया वेगळ्या, पुरुष वेगळे, पन्नाशीपुढचे वेगळे, पहाटेची पाळी वेगळी, चौकीवार. खाली एवढंच लिही की पहिले तीन महिने अ‍ॅप आणि मस्टर दोन्ही चालवू आणि पगार मस्टरवरच काढू. ही मागणी कुठल्याही शहाण्या मॅनेजरला परवडते, आणि माझा अनुभव असा की आकडे समोर ठेवले की निम्मे लोक ऐकतात. नाहीच ऐकलं, तर त्या कामातून बाजूला व्हायचं का हे ठरवायच्या आधी मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. मी ओळखीच्या चार ठिकाणी तुझ्यासाठी शब्द टाकू शकते आणि टाकीन.

चाचणी चालू आहे त्या चौकीवर तू अजून एकदाही गेलेली नाहीस, असं तुझ्या मेलवरून दिसतं. सोमवारी जाऊ. पाळी साडेसहाला लागते, म्हणजे सहाला पोचायला हवं. मी कुर्ला स्टेशनबाहेर तिकीटखिडकीपाशी थांबते. लॅपटॉप नको, वही घे. ज्यांचा चेहरा लागत नाही त्यांना बाजूला बसवून आधी चहा सांगू, मग विचारू. बाकी भेटीत.