टॅब, स्पेस आणि तुझा पहिला पॅच

प्रिय,

नव्या प्रकल्पात पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, लिहायला बसण्याआधी एडिटरमधलं 'फॉरमॅट ऑन सेव्ह' बंद कर. बदल असतो दोन ओळींचा, पण सेव्ह करताच एडिटर अख्खी फाइल तुझ्या आवडीच्या रुंदीत बसवतो. मग रिव्ह्यू करणाऱ्याने त्या दोन ओळी शोधत बसायचं, आणि त्याच फाइलवर काम करणाऱ्याने मर्जच्या वेळी, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करताना, कॉन्फ्लिक्ट सोडवायचे. यात चिडचीड होते ती तुझ्या नावाने.

इंडेंटेशनला, म्हणजे ओळ आत सरकवायला, दोन स्पेस, चार स्पेस की टॅब, यावर तुझं मत जरूर असू दे. पण प्रत्येक घरची रीत वेगळी. लिनक्स कर्नलमध्ये टॅब 8 अक्षरांचा. कोड तीन पातळ्यांपेक्षा आत गेला की तो उजवीकडे सरकलेला डोळ्यांना खुपावा आणि फंक्शन सुटसुटीत करावंसं वाटावं, हाच हेतू. पायथनची पेप 8 ही शैलीची नियमावली चार स्पेस सांगते. गो भाषेत गोफम्ट हे फॉरमॅटिंगचं साधन टॅबच घालतं, वाद तिथेच मिटला. मेक या बिल्ड करणाऱ्या साधनाच्या मेकफाइलमध्ये कमांडच्या ओळीआधी टॅबऐवजी स्पेस पडल्या तर 'मिसिंग सेपरेटर' म्हणून मेक थांबतं. यामल या कॉन्फिगरेशन फाइलच्या प्रकारात उलट, इंडेंटेशनला टॅब चालतच नाही.

म्हणून आधी रेपोच्या, म्हणजे प्रकल्पाच्या कोडसंग्रहाच्या, मुळाशी एडिटरकॉन्फिगची फाइल शोध; इंडेंटेशनचे नियम ती एडिटरला सांगते. नसेल, तर वरच्या-खालच्या ओळी जशा आहेत तसंच लिही.

फाइल खरोखरच विस्कटलेली असेल तर आधी मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, विचार. होकार आला की इंडेंटेशनचं कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) वेगळं कर, त्यात लॉजिकचं एक अक्षरही नको. बदल दाखवणाऱ्या गिट डिफला डॅश डब्ल्यू (-w) देऊन बघ, म्हणजे स्पेस-टॅबचे फरक ते दाखवत नाही; काहीही दिसता कामा नये. पायथनमध्ये मात्र या तपासणीवर विसंबू नकोस: इफच्या आतली ओळ बाहेर सरकली तरी ती दिसत नाही, कारण फरक फक्त स्पेसचा असतो. तिथे टेस्ट चालवायलाच हव्यात. मग त्या कमिटचा हॅश (त्याची ओळखखूण) ब्लेममधून, म्हणजे कोणती ओळ कुणी शेवटची बदलली हे दाखवणाऱ्या गिटच्या कमांडमधून, वगळायच्या यादीत घाल, गिट 2.23 पासून ही सोय आहे. नाहीतर प्रत्येक ओळीपुढे तुझंच नाव येईल आणि ती मुळात कुणी, का लिहिली हे शोधणं जिकिरीचं होईल.

सी भाषेत इंडेंटेशन कंपायलरला दिसत नाही, माणसाला दिसतं. 2014 मध्ये ॲपलच्या टीएलएस कोडात, म्हणजे इंटरनेटवरचं सुरक्षित कनेक्शन सांभाळणाऱ्या कोडात, 'गोटू फेल' (थेट शेवटच्या भागाकडे उडी मारायला सांगणारी) ही ओळ दोनदा असल्याचं उघड झालं. दुसरी इफच्या आत असल्यासारखी दिसत होती, पण कंस नसल्यामुळे ती दर वेळी चालायची आणि सहीची पडताळणी वगळली जायची. जीसीसी या सीच्या कंपायलरला आवृत्ती 6 पासून वॉल (-Wall) हा पर्याय लावला की असल्या फसव्या इंडेंटेशनची वॉर्निंग मिळते. ती कधी बंद करू नकोस.

पाठवण्याआधी डिफ स्वतः वाच. ज्या ओळीशी तुझं काम नव्हतं ती त्यात दिसली, तर पूर्ववत कर आणि मगच पाठव.