मणक्यातल्या गाठीच्या ऑपरेशनमध्ये रॉड-स्क्रू टायटॅनियमचे घ्यावेत की कार्बन फायबरचे?

तुम्ही लिहिलंय की बाबांचा किडनीचा कॅन्सर पाठीच्या मणक्यात उतरलाय, ऑपरेशननंतर रेडिएशनही सांगितलंय आणि दोन प्रकारच्या सामानातून निवड तुमच्यावर सोडलीय. विचारलंय, ‘जास्त मजबूत कोणतं?’

मी सर्जन नाही, रेडिएशन विभागात फिजिसिस्ट आहे, म्हणजे किरणांचा डोस कुठे किती पडेल याची आखणी करणारा. ऑपरेशनची जखम भरली की पेशंट आमच्याकडे येतो आणि त्याच्या पाठीत जे बसवलंय त्याच्याशी आमची गाठ पडते. म्हणून तुमचा प्रश्न जरा बदलून घेतो. मणका धरून ठेवण्याइतकी ताकद दोन्हींत आहे. खरा फरक पुढे पडतो, रेडिएशन देताना आणि नंतर वर्षानुवर्षं त्या जागेवर लक्ष ठेवताना.

अशा ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा अख्खी गाठ काढत नाहीत. मज्जारज्जूवरचा दाब काढतात, रज्जू आणि गाठ यांच्यात दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा करतात, खिळखिळा झालेला मणका रॉड-स्क्रूंनी बांधतात आणि उरलेली गाठ रेडिएशनवर सोपवतात. किडनीची गाठ साध्या डोसला सहसा दाद देत नाही, तिला थोड्या बैठकांत मोठा डोस नेमका द्यावा लागतो. आणि त्या डोसला अगदी खेटून मज्जारज्जू असतो. तो मला स्पष्ट दिसला नाही तर दोनच वाटा उरतात : डोस कमी करायचा, म्हणजे गाठ वाचते, किंवा रज्जूला धोका पत्करायचा. दुसरी वाट आम्ही धरत नाही.

टायटॅनियम इथेच आड येतं. वापरात असलेल्या मिश्रधातूत साधारण ९० टक्के टायटॅनियम, ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. तो चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे एमआरआय करायला भीती नाही. पण चित्र स्क्रूभोवती वेडंवाकडं होतं आणि सीटीवर पांढरे-काळे पट्टे उठतात, तेही नेमके रज्जूच्या आजूबाजूला. मग आम्ही एकेक स्क्रू हाताने आखतो, संगणकाला त्याची खरी घनता सांगतो, पट्ट्यांखाली झाकलेली जागा दुरुस्त करतो. तरीही किरण धातूवर आदळतात तिथे लगेच अलीकडे डोस थोडा वाढतो आणि पलीकडे कमी पडतो. रज्जू दिसलाच नाही तर पाठीच्या पाण्यात डाय सोडून पुन्हा सीटी करावा लागतो. नुकत्याच ऑपरेशन झालेल्या माणसाला पाठीत आणखी एक सुई. मला ते दर वेळी जिवावर येतं.

कार्बन फायबरचे रॉड-स्क्रू म्हणजे ‘पीक’ नावाच्या प्लास्टिकमध्ये विणलेले कार्बनचे धागे. कार्बनचा अणुक्रमांक ६, टायटॅनियमचा २२, त्यामुळे किरणांना कार्बन जवळपास शरीरासारखाच वाटतो. चित्र स्वच्छ येतं, आखणी सोपी होते, आणि गाठ परत डोकं वर काढत असेल तर ते लवकर दिसतं. त्याने पेशंट जास्त जगतो असं मात्र सिद्ध झालेलं नाही. अडचणीही आहेत. हे रॉड टेबलावर वाकवता येत नाहीत, ठरावीक बाकाचेच येतात. एक्स-रेत ते दिसत नाहीत, म्हणून त्यांत टँटलम या धातूच्या खुणा घालतात किंवा स्क्रूवर टायटॅनियमचा पातळ थर देतात. बऱ्याच मणक्यांपर्यंत लांब बांधणी करायची असेल किंवा पाठ वाकडी झाली असेल, तर सर्जनला टायटॅनियमच हवंसं वाटेल, आणि ते रास्त आहे.

कोबाल्ट-क्रोमच्या रॉडचा विषय निघाला तर कारण जरूर विचारा. ते जास्त ताठ असतात, पण घनता टायटॅनियमच्या जवळजवळ दुप्पट, आणि सावलीही तशीच गडद.

प्रोटॉन रेडिएशन, म्हणजे एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांचा मारा, ठरलं असेल तर कार्बनच्या बाजूचं माझं मत जास्त ठाम आहे. प्रोटॉन किती खोल जाऊन थांबेल हे वाटेतल्या घनतेवर ठरतं, म्हणून धातूची चूक तिथे महागात पडते. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये कॉर्डोमा या हाडातल्या गाठीचे जे रुग्ण पाहिले गेले, त्यांत धातूचे इम्प्लांट असलेल्यांमध्ये गाठ आटोक्यात राहण्याचं प्रमाण कमी आढळलं. दोष एकट्या धातूचा नसेलही, कारण मोठं ऑपरेशन अवघड गाठीलाच लागतं.

कदाचित सिमेंटचंही नाव ऐकाल. तो पीएमएमए नावाचा अॅक्रिलिक पदार्थ, पोखरलेल्या मणक्यात किंवा स्क्रूभोवती भरतात, आणि तो काही मिनिटांत घट्ट होतो. १९८४ साली फ्रान्समध्ये मणक्यात पहिल्यांदा असं सिमेंट भरलं ते रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठीच. रेडिएशनला त्याची फारशी अडचण होत नाही. जपायचं असतं ते मणक्याबाहेर होणाऱ्या गळतीला.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. बाबांच्या पायांतली ताकद कमी होत असेल, तर कार्बनचा सेट मागवण्यासाठी एक दिवसही थांबू नका. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या १०१ रुग्णांच्या चाचणीत ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही मिळालेल्यांपैकी ८४ टक्के चालू शकले, नुसतं रेडिएशन मिळालेल्यांपैकी ५७ टक्के. वेळेवर बसवलेलं टायटॅनियम हे उशिरा आलेल्या कार्बनपेक्षा केव्हाही चांगलं. सावली आम्ही सांभाळून घेऊ, गेलेले पाय परत आणणं फार कठीण असतं.

वेळ हाताशी असेल तर ऑपरेशनच्या आधीच सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर यांना एकमेकांशी बोलायला लावा. ‘डोस किती देणार, कोणत्या यंत्रावर?’ याचं उत्तर मिळालं की सामानाची निवड बरीचशी आपोआप होते. इम्प्लांटच्या पाकिटांवरचे स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या, आम्हाला धातू कोणता हे त्यावरूनच खात्रीने कळतं. आणि ऑपरेशनआधीच्या एमआरआयची सीडी जपून ठेवा, आमच्याकडे येताना सोबत आणा. धातू बसण्यापूर्वीचं त्या जागेचं स्वच्छ चित्र तेवढंच असतं.