व्हेंचर कॅपिटलचे पैसे कर्ज असतात का? कंपनी बुडाली तर ते परत करावे लागतात का?

आपण विचारले आहे, की एखाद्या व्हेंचर कॅपिटल फंडाने आपल्या सॉफ्टवेअर स्टार्टअपमध्ये दहा कोटी रुपये गुंतवले आणि पुढे धंदा बुडाला, तर ती रक्कम फेडण्याची जबाबदारी संस्थापकांवर येते का. मी कंपनी सेक्रेटरी असून अशा गुंतवणुकीची कागदपत्रे तयार करणे आणि तपासणे हे माझे रोजचे काम आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र करारातील दोन-तीन कलमे न वाचता सही केली, तर त्या ‘नाही’चा अर्थ बराच पातळ होतो.

फंड देतो ते भांडवल असते. त्यावर व्याज नसते, हप्ता नसतो, घर तारण ठेवावे लागत नाही. भारतात हे पैसे बहुधा ‘सीसीपीएस’च्या, म्हणजे ठरावीक मुदतीत सक्तीने समभागांत रूपांतरित होणाऱ्या अग्रहक्क भागांच्या रूपात येतात. कर्ज आणि भांडवल यांतला फरक बायजूजच्या प्रकरणात स्वच्छ दिसला. त्या कंपनीने २०२१ मध्ये अमेरिकेतून १२० कोटी डॉलरचे कर्ज घेतले होते. ते थकल्यावर धनको वसुलीसाठी डेलावेअरच्या न्यायालयात गेले. उलट, प्रोसस या मोठ्या भागधारकाने २०२४ मध्ये आपल्या हिश्श्याची किंमत हिशेबात शून्य धरली आणि त्या पैशांवर पाणी सोडले. प्रोससने इतर काही गुंतवणूकदारांसह कंपनी न्यायाधिकरणाकडे तक्रार केली होती हे खरे, पण ती कंपनीच्या कारभाराविरुद्ध होती. दिलेली रक्कम परत मिळावी अशी थकबाकीची वसुली ती नव्हती.

आता कलमांकडे वळतो. पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे कलम ‘लिक्विडेशन प्रेफरन्स’चे. कंपनी विकली गेली किंवा गुंडाळली, तर येणाऱ्या रकमेतून प्रथम कोणाला किती मिळणार, हे त्यात ठरते. आपलेच उदाहरण घेऊ. फंडाने दहा कोटी दिले, त्यानंतर कंपनीचे मूल्य पन्नास कोटी धरले गेले आणि फंडाला वीस टक्के हिस्सा मिळाला. दोन वर्षांनी कंपनी तीस कोटींना विकली गेली, तर वीस टक्क्यांच्या हिशेबाने फंडाचे सहा कोटी होतात; परंतु ‘एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग’ (म्हणजे मूळ रक्कम किंवा टक्क्यांचा हिस्सा, यांपैकी एकच) अशी अट असेल, तर फंड आपले मूळ दहा कोटी घेणे पसंत करील आणि उरलेले वीस कोटी संस्थापक व इतर भागधारकांत वाटले जातील. ही अट रास्त आहे, आणि तिच्यावर कोणी फारशी घासाघीस करू नये असे मला वाटते. मात्र त्याच जागी ‘पार्टिसिपेटिंग’ असा शब्द असेल, तर फंड आधी दहा कोटी उचलतो आणि वर उरलेल्या वीस कोटींतही वीस टक्के, म्हणजे चार कोटी घेतो. बाकीच्यांना सोळा कोटी उरतात. एका शब्दाने चार कोटी इकडचे तिकडे होतात, आणि संस्थापक मात्र मूल्यांकन पन्नास कोटी की पंचावन्न, यावर आठवडे घालवतात.

गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीत आणखी एका फंडाने चाळीस कोटी दिले आणि त्याचा अग्रहक्क पहिल्याच्या वर ठेवला गेला, तर चित्र अधिक कठीण होते. अशी कंपनी पंचेचाळीस कोटींना विकली, तर चाळीस कोटी दुसऱ्या फंडाकडे जातात, उरलेले पाच पहिल्याकडे, आणि संस्थापकांच्या पदरात काहीच पडत नाही. तरीही वृत्तपत्रांत बातमी ‘पंचेचाळीस कोटींना विक्री’ अशीच छापून येते.

फंड असे का वागतात, हे त्यांच्या स्वतःच्या हिशेबावरून कळते. फंडातील पैसा त्यांचाही नसतो; तो विमा कंपन्या, पेन्शन फंड, विद्यापीठांचे निधी आणि श्रीमंत कुटुंबे यांच्याकडून साधारण दहा वर्षांसाठी घेतलेला असतो. फंड चालवणाऱ्यांना दरवर्षी सुमारे दोन टक्के शुल्क आणि नफ्यात सुमारे वीस टक्के वाटा मिळण्याची प्रथा आहे. पाचशे कोटींच्या फंडाला तिप्पट रक्कम परत करायची असेल, तर दीड हजार कोटी उभे राहिले पाहिजेत, आणि बहुतेक गुंतवणुकी तोट्यात किंवा जेमतेम सुटतात. म्हणून आपल्याला साठ कोटींची ऑफर आली आणि आपला आनंद गगनात मावेनासा झाला, तरी फंडाला त्यातले बारा कोटी चिल्लर वाटतात. पुढच्या फेऱ्यांत त्यांचा हिस्सा बारा टक्क्यांवर आला असे धरले, तर एका कंपनीतून संपूर्ण फंड वसूल होण्यासाठी ती सुमारे चार हजार दोनशे कोटींची व्हावी लागते. अ‍ॅक्सेल या व्हेंचर कॅपिटल फंडाने २००९ मध्ये फ्लिपकार्टमध्ये सुमारे दहा लाख डॉलर घातले आणि २०१८ मध्ये वॉलमार्टने सुमारे ७७ टक्के हिश्श्यासाठी १,६०० कोटी डॉलर मोजले; प्रत्येक फंड आपल्या यादीत अशी एक कंपनी शोधत असतो. विक्रीला गुंतवणूकदाराची लेखी संमती हवी, असे कलम करारात जवळजवळ नेहमी असते. त्यामुळे ती साठ कोटींची ऑफर आपण एकट्याने स्वीकारू शकत नाही, हे आधीच गृहीत धरावे.

वैयक्तिक जबाबदारीचा धोका दोन ठिकाणी असतो. खोटे हिशेब दाखवले किंवा पैसा दुसरीकडे वळवला, तर नुकसानभरपाईच्या कलमाखाली संस्थापक सापडतात, आणि ते योग्यच आहे. दुसरे ठिकाण ‘एक्झिट’च्या, म्हणजे फंडाने पैसे घेऊन बाहेर पडण्याच्या कलमात असते. पाच-सात वर्षांत आयपीओ किंवा विक्री झाली नाही, तर फंडाचे शेअर परत विकत घ्यावेत, असे तिथे लिहिलेले असते. कंपनीच्या बायबॅकवर कंपनी कायद्याच्या कलम ६८ ची बंधने आहेत आणि तोट्यातल्या कंपनीला तो सहसा झेपत नाही. म्हणून काही मसुद्यांत ‘कंपनी आणि/किंवा प्रवर्तक’ असे शब्द येतात. त्यातला ‘प्रवर्तक’ म्हणजे आपण. तो शब्द काढून घ्या. फंड मानत नसेल तर निदान रकमेला कमाल मर्यादा घाला. नुकसानभरपाईच्या कलमालाही अशीच मर्यादा मागता येते, फक्त फसवणुकीच्या बाबतीत ती कोणी देणार नाही.

‘व्हेंचर डेट’ या नावाने मिळणारा पैसा मात्र सरळ कर्जच असतो. नावातल्या ‘व्हेंचर’ला भुलू नये.

सही करण्यापूर्वी आपल्या सल्लागाराकडून वीस, पन्नास आणि दोनशे कोटी अशा तीन विक्री-किमतींवर कोणाला किती मिळेल, याचा तक्ता करून घ्या. आणि पैसे बँकेत जमा झाले म्हणून लगेच पगार वाटू नका: कंपनी कायद्याच्या कलम ४२ नुसार शेअर-वाटपाचा पीएएस-३ हा फॉर्म कंपनी निबंधकाकडे दाखल होईपर्यंत ती रक्कम वापरता येत नाही, आणि वाटपानंतर त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत असते.