वाचकांचे प्रश्न : गो-कार्टचा शाफ्ट घरी करावा की विकत आणावा?

प्रश्न : आयटीआयमध्ये फिटरचे प्रशिक्षण घेणाऱ्या माझ्या मुलाने भंगारातून 100 सीसी मोटारसायकलचे चालू इंजिन आणले असून त्यावर त्याला कमी खर्चात गो-कार्ट बनवायची आहे. मागचा शाफ्ट (चाके फिरवणारा दांडा), स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) आणि बेअरिंगची घरे घरीच वेल्डिंग करून भागेल का? – एक वाचक, देवगड

उत्तर : सांगाडा, सीट, पेडल आणि इंजिनची बैठक मुलाने खुशाल घरी करावी, मात्र जे भाग फिरतात ते वेल्डिंगच्या भरवशावर सोडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

शाफ्टसाठी बहुधा ईएन 8 हे मध्यम कार्बनचे पोलाद मिळते. त्यावर स्प्रॉकेट थेट वेल्ड केल्यास सांध्यालगतचे पोलाद कडक आणि ठिसूळ होते. कुडाळच्या एका लेथवर मी असा तुटलेला शाफ्ट पाहिला होता. तुटलेल्या तोंडाच्या कडेला गंजाची काळपट कडी होती आणि मधोमध ताजे, चकाकते पोलाद दिसत होते, म्हणजे तडा जुनाच होता व गाडी शेवटपर्यंत उरलेल्या गाभ्यावर धावत होती. त्यापेक्षा 25 मिमीच्या शाफ्टला टर्नरकडून 8 मिमी रुंदीची चावीची (दोन भाग एकत्र फिरावेत म्हणून मध्ये बसवायच्या पोलादी पट्टीची) खाच पाडून घ्यावी आणि लेथवर केलेला बॉस, म्हणजे शाफ्टवर बसणारा जाड गोल तुकडा, त्यावर चावीने बसवून स्प्रॉकेट त्याला बोल्टने जोडावे. बेअरिंगसाठी यूसीपी 205 ही तयार पेडेस्टल, म्हणजे बेअरिंगसह मिळणारी घरे, घ्यावीत. त्यांतील बेअरिंगचा बाहेरचा पृष्ठभाग चेंडूसारखा गोल असल्याने घरगुती सांगाड्यातला किंचित तिरपेपणा ती सांभाळून घेतात.

गॅरेजवाले ज्याला चेन-सॉकेट म्हणतात, तो साखळी आणि पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटचा संच त्याच मोटारसायकलचा वापरावा. तिच्या चाकाचा व्यास सुमारे 60 सेंमी आणि कार्टच्या चाकाचा 28 सेंमी धरला, तर पुढे 14 व मागे 42 दाते तसेच ठेवूनही ताशी 80 किमीच्या जागी सुमारे 37 किमीच वेग मिळतो आणि ओढ दुपटीहून अधिक वाढते. नवशिक्याला एवढे पुष्कळ झाले. साखळी घेताना 428 आणि 420 या मापांची गल्लत होऊ देऊ नये, कारण दोन्हींच्या कड्यांमधील अंतर 12.7 मिमी असले तरी रुंदी वेगळी असते.

अखंड शाफ्टवर दोन्ही चाके सारख्याच वेगाने फिरतात, त्यामुळे वळणावर आतले चाक घासत जाते आणि गाडी सरळच जाऊ पाहते. सुरुवातीला शाफ्टची ताकद एकाच चाकाला देऊन दुसरे मोकळे ठेवणे सोपे पडते. मात्र ब्रेकची डिस्क शाफ्टवर बसवल्यास ब्रेकही त्याच एका चाकाला लागतो, म्हणून मोकळ्या चाकाला वेगळा ब्रेक द्यावा.

खाऱ्या वाऱ्यात साखळी आठवडाभरात तांबूस होते, म्हणून तिला पातळ तेल द्यावे. बाहेरून ग्रीस थापल्यास जांभ्याची धूळ चिकटून दाते झिजतात. नोंदणी नसलेले वाहन रस्त्यावर चालवता येत नसल्याने चाचणी आपल्या मालकीच्या मोकळ्या जागेतच घ्यावी, आणि साखळीवर पत्र्याचे झाकण बसल्याखेरीज इंजिनला किक मारू नये.