कार्यक्रमात थ्रिलर लेखक ली चाइल्डला प्रश्न विचारायचाय?

"कल्पना कुठून सुचतात?" हा प्रश्न तेवढा टाळ. जगातल्या प्रत्येक थ्रिलर लेखकाला त्याचं उत्तर तोंडपाठ असतं. त्याच्या नायकाचं रीचर (म्हणजे हात पोचवणारा) हे नाव कसं सुचलं, तेही नको. सुपरमार्केटमधली उंच फळी आणि बायकोचा टोमणा, हा किस्सा त्याने कितीदा तरी सांगितलाय.

त्यापेक्षा पुस्तकातली एखादी गोष्ट नेमकी धर. १९९७ची पहिली रीचर कादंबरी 'मी'च्या तोंडून आहे, दुसरी थेट तृतीयपुरुषी. का? 'मी' सांगत असला की त्याला दिसत नाही ते वाचकालाही दिसत नाही. 'तो' आला की खलनायकाच्या खोलीतही डोकावता येतं, आणि मग रहस्य लपवायचं कुठे हेच बदलतं. अशा प्रश्नावर लेखक खुलतात.

चाइल्ड दरवर्षी १ सप्टेंबरला, कथानक न आखता लिहायला बसायचा, हे जगजाहीर आहे. तेव्हा "आराखडा करता का?" विचारण्यात हशील नाही. "मध्येच खुनी बदलला, तर मागची पानं पुन्हा लिहिता का?" असं विचार.

प्रश्न दोन वाक्यांत संपव. आधी कौतुकाचं भाषण सुरू केलंस तर माईक जातो (आणि जायलाच हवा). अन् शेवट फोडू नकोस, शेजारच्याने वाचलेलं नसतं.