घरच्या वर्कशॉपसाठी पार्ट वॉशर विकत घ्यावा की बनवावा, आणि त्यात टाकावं काय?

भाऊ, तुम्ही विचारलं की ट्रॅक्टर, मोटारसायकल अन विहिरीवरच्या मोटरपंपाचे पार्ट घरीच धुवायचे आहेत तर पार्ट वॉशर, म्हणजे पंपाच्या धारेखाली पार्ट घासून धुवायचं सिंक, विकत घ्यावा की घरी बनवावा, अन त्यात पेट्रोल चालते की डिझेल. माझं म्हणणं, घरीच बनवा, पण पेट्रोल तर सोडाच, रॉकेल-डिझेलही त्यात टाकू नका, गरम पाणी अन डिटर्जंटवर चालणारा बनवा. मी आर्णीकडे घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये हेच काम करतो अन या एका गोष्टीत मी कोणाचं ऐकत नाही.

कारण आपलं ऊन. ज्या तापमानाला तेलाची एवढी वाफ होते की ठिणगी पडली की पेट घेईल, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा शून्याच्या खाली 40 डिग्रीच्या आसपास आहे, म्हणजे पौषातल्या पहाटेही ते पेटायला तयारच असते, अन त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरकत सरकत पार पलीकडच्या ग्राइंडरपर्यंत जाते. रॉकेलचा साधारण 38. व्हिडिओत लोक बिनधास्त रॉकेल वापरताना दिसतात ते त्यांच्या थंड गॅरेजमध्ये ठीक असेल, पण आपल्या अकोल्या-चंद्रपुरात मे महिन्यात सावलीतच 45 च्या वर जाते, टिनाखाली तर विचारूच नका, म्हणजे दुपारी आपलं रॉकेल त्या फ्लॅश पॉइंटच्या वर बसलेलं असते. डिझेलचा थोडा वर आहे पण लय नाही, अन पंपाने फवारा मारला की बारीक थेंब त्याच्याही आधी पेट घेतात.

आता बनवायचं कसं. भंगारवाल्याकडे जुनं स्टीलचं किचन सिंक पाहा, अँगलचं स्टँड वेल्डिंग करून घ्या, खाली 200 लिटरचा बॅरल अर्ध्यात कापून ठेवा. बॅरल कापताना सांभाळा, ऑइलचा किंवा पेट्रोलचा रिकामा बॅरल आतल्या वाफेनं बॉम्बसारखा फुटतो, आधी धुण्याच्या सोड्यानं चांगला धुवा अन कापायच्या जागेच्या थोडं खालपर्यंत पाणी भरूनच कापा, कोणी म्हणू दे काही होत नाही म्हणून.

पंपासाठी लोक कूलरचा पंप लावतात, चालतो, स्वस्त आहे, पण 230 व्होल्ट अन ओले हात, त्यामुळे 30 मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर नकोच. मला बॅटरीवाल्या फवारणी पंपातला 12 व्होल्टचा डायफ्रॅम पंप जास्त पटतो, कारण तो स्वतः पाणी ओढून घेतो त्यामुळे वर स्टँडलाच लावता येते, लाइन गेली तरी काम थांबत नाही, अन त्याचे स्पेअर आपल्याकडे प्रत्येक कृषी केंद्रात भेटतात. फक्त नवा पंप घ्या, औषध मारलेला जुना नको. 2017 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 च्या वर माणसं गेली, ते औषध नळी-रबरात मुरलेलं असते अन इथं तुमचे हात तासभर त्याच पाण्यात राहणार.

पंपाची ओढणारी नळी तळाला टेकवू नका अन वरही ठेवू नका. चिखल-कीस खाली बसतो, ऑइल वर तरंगते, मधलं पाणी त्यातल्या त्यात साफ असते, म्हणून तळापासून पाच-सहा इंच वर नळी बांधा अन तोंडाला बारीक जाळी लावा. सिंकच्या भोकाखाली जुन्या स्पीकरचं मॅग्नेट ठेवलं की लोखंडाचा कीस तिथंच धरल्या जातो. दुसऱ्या टोकाला गोल ब्रशच्या मधून नळी काढा, घासता घासता पाणी येत राहते.

गरम पाण्याला खर्च नाही. बॅरल बाहेरून काळा रंगवा, चाकं लावा, सकाळी उन्हात ढकला, आपल्या छतावरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळते तसंच हे पण तापते, अन 50 च्या आसपासच्या पाण्यात साधा कपड्याचा डिटर्जंट किंवा डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यातला डिग्रीझर (ग्रीस काढायचं औषध) ग्रीस चांगलं सोडतो. हिवाळ्यात हीटिंग रॉड लावा, पण प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही. आपल्याकडचे बरेच मिस्त्री कॉस्टिक सोडा टाकतात, ते लोखंडाला ठीक आहे, पण कार्बोरेटर, पिस्टन, इंजिनचं केसिंग अल्युमिनियमचं असते अन कॉस्टिक त्याला खाते, पार काळं पडते. कॉस्टिक या वॉशरमध्ये नकोच.

लोखंडी पार्ट पाण्यातून काढला की लगेच पुसून उन्हात ठेवा अन ऑइलचा हात फिरवा, पावसाळ्यात तर एका रात्रीत गंज धरते. सील असलेलं बेअरिंग अन डिझेल इंजिनचं नोझल यात टाकूच नका. नोझल-डिझेल पंपाचं काम झाकणाच्या छोट्या डब्यात थोडं डिझेल घेऊन बाहेर मोकळ्यात, ऊन उतरल्यावर करा. कार्बोरेटरचे बारीक जेट अडकत असतील तर दोन-तीन लिटरचं अल्ट्रासोनिक (आवाजाच्या लहरींनी पाण्यात पार्ट साफ करणारं मशीन) घ्या, ते मात्र विकतच.

पूर्ण वॉशर विकत घ्यायचा तर तेव्हाच जेव्हा दर हप्त्याला इंजिन खुलून राहिलं असेल. तसा घेताना पंप पाण्याचा आहे की सॉल्व्हंटचा (रॉकेलसारख्या ग्रीस विरघळवणाऱ्या तेलाचा) ते लिहून घ्या, छोट्या मशीनच्या पुस्तकातच बहुतेक पेट्रोल टाकू नका असं लिहिलेलं असते. सॉल्व्हंटवाला घेतलात तर झाकणाला आगीत वितळणारी कडी पाहिजेच, ती साधारण 70-75 डिग्रीला वितळते अन झाकण आपोआप पडून आग दाबते. ती नसेल तर दुकानदार कितीही कमी करो, घेऊ नका.

अन शेवटी घाण पाणी. ते नाल्यात किंवा वावरात ओतू नका, उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला हात हात भेगा पडतात, ऑइल सरळ खाली उतरते अन विहीर तर बाजूलाच असते. वर आलेलं ऑइल मगानं काढून डब्यात जमा करा अन जळकं ऑइल नेणाऱ्या परवान्याच्या माणसाला द्या. पाणी महिनोनमहिने पुरते, लागलं तसं वरून टाकत जा, अगदीच काळं झालं की मे महिन्यात टिनाच्या उथळ ट्रेमध्ये लेकरं-जनावरं पोचणार नाहीत अशा जागी ठेवा, पाणी उडून जाते अन उरलेला गाळ त्याच डब्यात जातो.